पेट टॉक : शांत झाला म्हणजे शहाणा झाला?

कालपर्यंत मांडीवर झोपणारा ससा आज चावतो, बेडवर शू करतो आणि मग एक दिवस एकदम गप्प होतो. यातलं टेन्शन नेमकं कशाचं घ्यायचं?

हिंगोलीहून एका वाचक मैत्रिणीचा मेल आला. मूळची पुण्याची, बँकेत नोकरी. जानेवारीत तिनं पुण्यातल्या एका पेट शॉपमधून ससा घेतला. वय दीड महिना, रंग पांढरा, डोळे लाल, नाव चिकू. 'मादी आहे, एकदम शांत असते,' असं दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलेलं. मार्चमध्ये बदलीची ऑर्डर आली आणि सामानाबरोबर चिकूही हिंगोलीत डेरेदाखल झाली.

आता मे महिना. मेलमधली तक्रारींची यादी भलीमोठी. चिकू पायाभोवती गोल गोल फिरते, घुरघुरते. पिंजऱ्यात हात घातला की चावते. बेडवर, उशीवर, एकदा तर चक्क ऑफिसच्या बॅगेवर शू केली. पहाटे पिंजऱ्याचे गज दातांनी वाजवते, त्यामुळे खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंची झोपमोड. त्यांचा सल्ला, 'आमच्या मळ्यात सोडून दे गं. ससाच तर आहे, राहील गवत खाऊन.'

आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलेली एक ओळ. 'आज सकाळपासून मात्र शहाण्यासारखी कोपऱ्यात बसून आहे. मेथीही अर्धी ठेवली. सुधारली बहुतेक!'

ती ओळ वाचली आणि उत्तर टाइप करत बसण्याऐवजी थेट फोन लावला. चावण्यावर आणि शूवर नंतर बोलू, आधी चिकूला डॉक्टरकडे ने, आत्ताच्या आत्ता. ती गेली. खोली वरच्या मजल्यावरची, दुपारी तापणारी. उन्हानं चिकू हैराण झाली होती आणि पोटाचं काम मंदावत चाललं होतं. सलाइन दिलं, औषध दिलं, रात्रभर थोडं थोडं भरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात चार लेंड्या दिसल्या तेव्हा तिनं जो मेसेज पाठवला, तो वाचून कुणाला वाटलं असतं की हिला प्रमोशन मिळालं! आणि हो, डॉक्टरांनी तपासताना आणखी एक बातमी दिली. चिकू 'ती' नाही, 'तो' आहे.

तर मंडळी, आजचा फंडा हाच. सशाच्या वागण्यातले जे बदल आपल्याला वैताग आणतात, ते बहुतेक वेळा धोक्याचे नसतात. आणि जो बदल पाहून आपण 'हुश्श' म्हणतो, तोच कधी कधी जिवावरचा असतो.

सशाचं टीनएज

सशानं स्वभाव बदलला अशी तक्रार आली की पहिला प्रश्न, वय किती? तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान ससा वयात येतो. छोट्या जातीचे लवकर, मोठ्या जातीचे जरा उशिरा. चिकूचं गणित करून बघा. जानेवारीत दीड महिना, म्हणजे मेमध्ये साडेपाच. ऐन टीनएज!

या वयात नर पायाभोवती गोल गोल फिरतो, घुरघुरतो, हातावर किंवा सॉफ्ट टॉयवर चढतो, शूचे फवारे मारतो. आपल्याला ही गलिच्छ सवय वाटते. सशाच्या भाषेत ती जागेची रजिस्ट्री आहे. 'हा बेड माझा, ही उशी माझी, ही बॅग माझी आणि बॅगवाली पण माझी.' हनुवटीखाली त्याला गंधग्रंथी असते. लॅपटॉपच्या कोपऱ्यावर, चपलेवर, दाराच्या चौकटीवर तो हनुवटी घासत फिरतो, तेही याच खात्यात. तो वास आपल्याला येत नाही, त्याला मात्र पक्का कळतो.

मादीचं वेगळं. ती वयात आली की पिंजऱ्याची मालकीण होते. आत आलेला हात म्हणजे घुसखोर. पंजे मारेल, झेपावेल. कधी अचानक छातीवरचे केस उपटून तोंडात गवताच्या काड्या घेऊन घरटं बांधायला लागेल. घाबरू नका. नराशी संबंध आला नसेल, तर ही खोटी गर्भधारणा. साधारण सोळा-सतरा दिवसांत आपोआप ओसरते. तोवर ते घरटं मोडू नका. मोडलं तर ती पुन्हा बांधते, पुन्हा केस उपटते. नराशी संबंध आला असेल तर मात्र तीस-एकतीस दिवसांत पाळणा हलणार, हे धरून चला.

आता चिकूच्या केसमध्ये भर कशाची पडली? घर बदललं. सशाच्या दृष्टीनं घर म्हणजे वासांचा नकाशा. पुण्याचा नकाशा गेला, हिंगोलीत कोरा कागद. मग तो सगळीकडे नव्यानं सह्या करत सुटला. घर बदलणार असाल तर त्याचं वापरातलं अंथरूण न धुता सोबत न्या. पहिले आठ दिवस एकाच खोलीत ठेवा, मग हळूहळू घर दाखवा.

तो बोलतो, आपण ऐकत नाही

कुत्रा भुंकून सांगतो, मांजर ओरडून सांगते. ससा शिकार होणाऱ्यांपैकी. आवाज केला तर पहिला नंबर आपला, हे त्याच्या रक्तात आहे. मराठीत हाल हाल होण्याला 'ससेहोलपट' म्हणतात ते उगाच नाही. म्हणून तो अंगानं बोलतो. ही घ्या छोटी डिक्शनरी.

मागचा पाय जमिनीवर आपटला तर धोका! प्रेशर कुकरची शिट्टी असेल, गच्चीवरची घार असेल, नाही तर तुमच्या मित्राचा नवा परफ्यूम. रागावू नका, जवळ बसा.

कान मागे चप्पट, शेपटी वर, अंग ताणलेलं असेल तर 'एक पाऊल पुढे आलास तर बघ.' हात मागे घ्या.

हवेत उडी मारून अंगाला पीळ दिला, तर स्वारी जाम खूश.

धावता धावता धपकन कुशीवर पडला, तर नवीन पालकांच्या पोटात गोळा येतो. पण तो मेलेला नाही, निवांत आहे.

डोकं कुरवाळताना दात हलकेच वाजले तर ती आनंदाची गुणगुण. पण अंग चोरून, डोळे अर्धे मिटून कराकरा दात खात असेल तर ते दुखणं आहे. आवाज ऐकून फरक कळतो, एकदा लक्ष देऊन ऐका.

चिकूसारखे लाल डोळ्यांचे पांढरे ससे कधी कधी डोकं डावी-उजवीकडे डोलवत बघतात. त्यांच्या डोळ्यांत रंगद्रव्य नसतं, नजर कमजोर असते. डोकं हलवून ते अंतराचा अंदाज घेतात. ही स्टाइल जन्मापासूनची असेल तर काळजी नको. पण आजवर सरळ असलेलं डोकं अचानक एका बाजूला कलतं झालं, तोल जातो आहे, तर मात्र लगेच डॉक्टर.

आता चावण्याबद्दल. सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना. जवळजवळ चौफेर दिसतं, पण अगदी नाकासमोरचं आणि हनुवटीखालचं नेमकं दिसत नाही. आपण लाडानं बोट थेट नाकासमोर नेतो. त्याला काय कळतं? काहीतरी अचानक आलं. चाव! दुसरी हमखास चूक म्हणजे वरून हात घालून उचलणं. वरून येते ती घार. त्यामुळे पिंजऱ्याचं दार उघडा आणि त्याला स्वतःहून बाहेर येऊ द्या. जमिनीवर बसा. हात बाजूनं, त्याला दिसेल असा न्या आणि कपाळावरून फिरवा. उचलायचंच असेल तर एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. मागचं अंग लटकलं आणि त्यानं जोरात लाथ झाडली, तर स्वतःच्याच ताकदीनं त्याचा कणा मोडू शकतो. कानांना धरून उचलणं तर सिनेमातल्या जादूगारांनाच लखलाभ. आणि तेही चूकच!

मे महिना, हिंगोली आणि अंगभर लोकर

पुण्याचा उन्हाळा वेगळा, मराठवाड्याचा वेगळा. हिंगोलीत मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो. सशाला मानवतं साधारण १५ ते २१ अंश. तिशीच्या पुढे त्याला त्रास सुरू होतो. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगावर लोकरीचा कोट आणि उष्णता बाहेर टाकायला मुख्यतः दोन लांब कान.

पाळीव सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे. तुम्ही म्हणाल, ऊन तिथेही कडक असतं की. असतं, पण ते ससे भर दुपारी जमिनीखाली बिळात असतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतात. आपण त्याला पत्र्याखाली किंवा टॉप फ्लोअरला पिंजऱ्यात ठेवतो, तेव्हा त्याचं बीळच काढून घेतो. उन्हाळ्यात ससा चिडचिडा झाला, खाणं कमी झालं, दिवसभर लांब पसरून पडतो, तर आधी खोलीत थर्मामीटर लावा. मग स्वभावाचं बघू.

नुसत्या पंख्यानं फारसं भागत नाही. घाम नाही तर वारा सुकवणार काय? मराठवाड्यातली हवा कोरडी, त्यामुळे कूलर मात्र मस्त काम करतो. पण दुपारी लाइट गेली की कूलरही गेला, म्हणून बिनविजेची सोय हवीच. घरातली सगळ्यात खालची, थंड खोली त्याची. दारं-खिडक्या दुपारी बंद, खिडकीवर ओलं गोणपाट किंवा वाळ्याचा पडदा. बसायला शहाबादी फरशी. एखादा जुना माठ आडवा ठेवून बाहेरून ओला करत राहा, झालं बीळ तयार. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, तो स्वतःच टेकून बसेल. पिण्याचं पाणी जड, पसरट मातीच्या भांड्यात. दिवसातून दोन-तीन वेळा ओल्या हातानं कान पुसा.

तोंड उघडं टाकून धापा टाकतोय, नाकाभोवती ओलं झालंय, कान तापलेत, उठत नाहीये, तर तो उष्माघात. थंड जागी न्या, कान ओले करा, डॉक्टरला फोन करा आणि निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही. त्या धक्क्यानं तो दगावू शकतो. एरवीही सशाला अंघोळ नकोच, तो स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो.

गप्प ससा हाच अलार्म

सशाचं पोट म्हणजे चोवीस तास चालणारी गिरणी. त्यात सतत चारा पडत राहायला हवा. उन्हानं, दुखण्यानं, भीतीनं, दातानं, कुठल्याही कारणानं खाणं थांबलं की गिरणी मंदावते. मग आत गॅस धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. चक्र सुरू. सशाला उलटीही करता येत नाही. दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत, तर ती इमर्जन्सी समजा. 'उद्या बँकेला सुट्टी आहे, उद्या नेऊ' हे चालणार नाही.

आणि इथेच ससा आपल्याला फसवतो. दुखणं लपवणं हा त्याच्या जातीचा जुना धर्म. रानात जो लंगडतो तो आधी पकडला जातो. त्यामुळे तो कण्हत नाही, ओरडत नाही. फक्त कोपऱ्यात अंग गोळा करून बसतो. आणि आपण म्हणतो, 'शहाणा झाला!'

म्हणून सशाच्या तब्येतीचं पासबुक म्हणजे लेंड्या. किळस वाटू देऊ नका. गोल, सुट्या, कोरड्या, एकसारख्या म्हणजे बॅलन्स उत्तम. लहान, वेड्यावाकड्या झाल्या तर खाणं कमी पडतंय. केसांनी माळेसारख्या जोडल्या गेल्या तर केस गळतायत, विंचरा आणि चारा वाढवा. अजिबात नाहीत म्हणजे धावपळ. रात्री किंवा पहाटे तो मऊ, द्राक्षांच्या घोसासारखी विष्ठा थेट तोंडानं खातो, ते मात्र नॉर्मल. त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. अडवू नका.

दातांकडेही लक्ष असू द्या. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि चरबट गवत चघळूनच झिजतात. घास उचलतो, तोंडात धरतो आणि टाकून देतो, लाळ गळते, हनुवटी ओली, तर दात टोचतायत. कान खाजवणं, डोकं झटकणं आणि कानात खपल्या दिसल्या तर ते माइट्स. स्वभाव बिघडण्यामागे दुखणं असतं, असा अनुभव माणसांतही येतोच की.

गाजराचं गुळपीठ सोडा

कार्टून बघून आपण सशाला गाजर चिकटवलं. प्रत्यक्षात गाजर म्हणजे त्याची मिठाई. रोजचं जेवण म्हणजे गवत. ताटाचा ऐंशी टक्के भाग वाळलेल्या गवताचा, जोडीला थोडी पालेभाजी, किलोभर वजनामागे २०-२५ ग्रॅम पेलेट्स. फळाचा तुकडा बोटाच्या पेराएवढा. पोळी, बिस्किट, चणे, शेव बंद. गवत कमी आणि पेलेट्स जास्त मिळाले की पोट लवकर भरतं, तोंडाला काम उरत नाही. मग तो पिंजऱ्याचे गज कुरतडतो, चार्जरची वायर कुरतडतो. आपण त्याला 'उच्छाद' म्हणतो.

पुण्या-मुंबईत पाकिटातलं इंपोर्टेड गवत मिळतं, हिंगोलीत काय करायचं? अहो, तुम्ही खरं तर नशीबवान! चिंतामणी गणपतीच्या शहरात दूर्वांना तोटा नाही आणि दूर्वा म्हणजे हरळी सशाला उत्तम. ताजी द्या, सावलीत वाळवून द्या. गुरांच्या बाजारातलं स्वच्छ, बुरशी नसलेलं वाळलं गवत चालतं. लसूणघास वाढत्या पिल्लाला ठीक, मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम फार. कोथिंबीर, थोडी मेथी, मुळ्याचा पाला, आलटून पालटून. नवी गोष्ट एकदम नाही, आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवायची.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. ज्वारीचे कोवळे पोंगे द्यायचे नाहीत. त्यातल्या विषानं गुरं दगावतात हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, शहरातून आलेल्याला सांगावं लागतं. आणि सोयाबीन, कापूस, हळदीच्या शेताच्या बांधावरचं गवत विचारल्याशिवाय आणायचं नाही. तिथे फवारणी झालेली असू शकते.

ऑपरेशन : हो की नाही?

टीनएजच्या बहुतेक तक्रारींवर टिकाऊ उपाय म्हणजे नसबंदी. नराचं ऑपरेशन तुलनेनं सोपं, साधारण चार-पाच महिन्यांनंतर करता येतं. मादीचं पोटाचं, थोडं मोठं. पण तिच्यासाठी ते जास्त गरजेचं, कारण नसबंदी न केलेल्या माद्यांत वय वाढलं की गर्भाशयाचा कॅन्सर खूप प्रमाणात आढळतो. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी ससा संत होईल अशी अपेक्षा नको. हार्मोन्स उतरायला चार-सहा आठवडे लागतात. त्या काळात नर पिल्लं जन्माला घालू शकतो, हेही विसरू नका.

'एकटा आहे म्हणून चिडतो, जोडी आणा' हा सल्ला फुकट मिळतो. ऑपरेशनआधी दोन नर आणले तर रक्तबंबाळ मारामाऱ्या. नर-मादी आणले तर महिन्याभरात पिल्लं. आणि पिल्लं झाली त्याच दिवशी मादी पुन्हा गाभण राहू शकते. वन बीएचकेचा गोठा व्हायला दोन-तीन महिने पुरतात. जोडी छानच असते, पण आधी नसबंदी, मग हळूहळू ओळख.

जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकांचा सगळा दिवस बैल, म्हैस, शेळीत जातो. त्यात त्यांचा दोष नाही. आपण फोनवर सरळ विचारायचं. सर, ससे बघता का? सशाला भूल दिलीये का? ऑपरेशनआधी उपाशी ठेवायचं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो, रात्रभर' असं आलं तर दुसरं मत घ्या, कारण सशाला उपाशी ठेवायचं नसतं. हिंगोलीकरांसाठी परभणी जवळ आहे, तिथे सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नांदेडचा पर्यायही आहेच. प्रवास पहाटेचा करा. हवेशीर खोका, खाली न घसरणारं फडकं, सोबत गवत आणि गुंडाळलेली गार बाटली. इमर्जन्सी नसेल तर ऑपरेशन पावसाळा लागून हवा गार झाल्यावरच.

हे चुकूनही नको

मारणं, नाकावर टिचकी देणं, तोंडावर पाणी उडवणं. ससा शिक्षेतून धडा घेत नाही, फक्त तुम्हाला घाबरायला शिकतो.

कुत्र्या-मांजरांचं पिसवांचं औषध. त्यातलं फिप्रोनिल सशाला विषासारखं.

घरातली उरलेली अँटिबायोटिक्स. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिलं तर सशाच्या पोटातले उपयोगी जिवाणू मरतात आणि मागोमाग ससाही जाऊ शकतो.

पाठीवर उताणं झोपवून 'बघा कसा शांत झाला' म्हणणं. ती शांतता नाही, भीतीनं गोठणं आहे.

दिवाळीच्या रात्री त्याला एकटं सोडून जाणं. आतली खोली, पडदे, चालू पंख्याचा आवाज आणि जवळ आपलं माणूस, एवढं करा.

मळ्यात सोडायचा सल्ला

घरमालकीणबाईंचा हेतू वाईट नव्हता. हिंगोलीच्या शिवारात ससे दिसतातच. पण तो रानससा, वेगळाच प्राणी. त्याचं पिल्लू अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतं. रंग मातीचा. उघड्यावर दबून बसायचं आणि वेळ आली की सुसाट पळायचं, हे त्याचं तंत्र. पाळीव सशाचं पिल्लू जन्मतं उघडं आणि आंधळं. त्याला मातीत लपता येत नाही, कारण तो पांढराशुभ्र. कुत्री, मुंगूस, कोल्हा, घार, यांतलं कोण आधी पोचेल एवढाच प्रश्न. आणि मे महिन्यात तर ऊनच आधी पोचेल. दोन्ही सशांची जात इतकी वेगळी की त्यांचा संकरही होत नाही, त्यामुळे 'रानातल्यांत मिसळून जाईल' हे सशाचं शिंग!

प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० पासून आहे. पाळलेला जीव उपाशी-तहानलेला मरेल अशा ठिकाणी सोडून देणं हा त्यात गुन्हा आहे. आणि उलट बाजूही सांगून ठेवतो. शेतात रानसशाचं पिल्लू एकटं दिसलं म्हणून घरी आणू नका. आई दिवसभर मुद्दाम लांब राहते. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानससा पाळता येत नाही.

खरंच जमत नसेल तर घर शोधा. माणसं शोधा, प्रश्न विचारा, सामानासकट द्या. ससा आठ ते बारा वर्षं जगतो. पेट शॉपच्या काचेसमोर उभं राहून हा आकडा एकदा मोठ्यानं म्हणायचा, मगच पाकीट काढायचं.

आठ दिवसांचा प्लॅन

पहिला दिवस : डॉक्टर. दात, कान, पोट, नर की मादी, सगळं तपासून घ्या. दुखणं नाही हे पक्कं झालं की मगच 'स्वभाव' हा शब्द वापरा.

दुसरा-तिसरा दिवस : जागा. पिंजरा हे त्याचं झोपायचं घर, जेल नाही. पहाटे आणि रात्री मिळून तीन-चार तास मोकळं सोडा. वायरी पीव्हीसी पट्टीत घाला. पलंगावर चढायला आठ दिवस बंदी. तो ज्या कोपऱ्यात शू करतो तिथेच ट्रे ठेवा, खाली रद्दी, वर गवत. ट्रेमधलं थोडं जुनं गवत राहू द्या, वासानं जागा ओळखतो. बाहेर केलेली शू व्हिनेगर-पाण्यानं पुसा.

चौथा ते सहावा : मैत्री. रोज अर्धा तास जमिनीवर बसा. पुस्तक वाचा, मोबाइल बघा, त्याच्याकडे बघू नका. तो येईल, हुंगेल, पँट चावून बघेल. हातातून एक कोथिंबिरीची काडी. बस्स. उचलायचं नाही.

सातवा-आठवा : काम. पुठ्ठ्याचा खोका, त्यात गवत आणि रद्दीचे तुकडे. खणू दे, फाडू दे. त्याचे पूर्वज बिळं खणत आलेत, ती खाज कुठेतरी भागलीच पाहिजे. तुमच्या गादीपेक्षा खोका बरा!

आणि नोकरीवाल्यांसाठी गुड न्यूज. ससा दिवसा झोपतो आणि सकाळ-संध्याकाळ जागा असतो. म्हणजे तुमचं ऑफिस आणि त्याची झोप यांचं टायमिंग झकास जुळतं. तुम्ही दमून घरी येता तेव्हा त्याची सकाळ सुरू होते.

चिकूची प्रगती म्हणाल तर तो आता खालच्या मजल्यावरच्या थंड खोलीत शिफ्ट झालाय. पुन्हा उच्छाद सुरू आहे, शूचे फवारे सुरू आहेत, म्हणजे तब्येत ठणठणीत. ऑपरेशन पावसाळ्यात. आणि घरमालकीणबाई? रोज सकाळी त्यांच्या पूजेतल्या उरलेल्या दूर्वा त्याच्या ट्रेमध्ये पडतात, असं कळलंय.

तुमच्याकडे ससा असेल तर आजपासून एक करा. रात्री झोपण्यापूर्वी तीन प्रश्न. खाल्लं का? लेंड्या पडल्या का? आज एकदा तरी उडी मारली का? तीन 'हो' आले की खुशाल झोपा, मग त्यानं बॅगेवर काहीही केलेलं असो. एक जरी 'नाही' आलं, तर अलार्म पहाटे दोनचा लावा, उठून बघा. तेव्हाही 'नाही'च असेल, तर सकाळची वाट न बघता फोन करा.